कडक आत्या आणि पूर्ण बाह्यांचा ड्रेस

८ जानेवारी

लाडक्या आत्या,

डोळा कसा आहे? दुसऱ्याही डोळ्याचा मोतीबिंदू नीट निघाला, हे बाबांनी बोटीवरून कळवलं. मी फोन करणार होते, पण तुझ्या दुकानात फोनवर बोललं की दहा बायका ऐकतात आणि अकरावी सल्ला देते. म्हणून पत्र. तू नेहमीसारखं मोठ्या अक्षरात उत्तर लिही, म्हणजे डोळ्यांना ताण नको.

लग्नाची तारीख ठरली, अठरा एप्रिल. नोंदणी कार्यालयात सह्या आणि मग पन्नास माणसांचं जेवण. आमच्या नवरदेव ग्रंथपालांनी पन्नास पाहुण्यांची पन्नास कार्डं करून ती अक्षरवार लावलीसुद्धा. माणूस चांगला आहे गं, फक्त कुठलीही गोष्ट मोकळी पडलेली त्यांना बघवत नाही.

आता ड्रेसचं रामायण ऐक. मी चार दुकानं पालथी घातली. पहिल्यात ड्रेसला पाठ नव्हती, दुसऱ्यात खांदे नव्हते, तिसऱ्यात दोन्ही नव्हतं, आणि चौथ्यात जे होतं तो ड्रेस आहे हे दुकानदारीण सांगत होती म्हणून मी मानलं. तुला माहीतच आहे, सकाळी सहा ते दुपारी दोन मी तलावावर पोहण्याच्या पोशाखात असते. पोरं, त्यांच्या आया, काठावर पेपर वाचणारे आजोबा, सगळ्यांनी गेली नऊ वर्षं माझे दंड, पाठ आणि गुडघे पाहिले आहेत. मला त्याची लाज नाही, ते माझं काम आहे. पण लग्नाच्या दिवशी मी कामावर नाही. त्या दिवशी मला मनगटापर्यंत बाह्या हव्या, बंद गळा हवा, पायघोळ हवा. एवढंच. पण हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. ज्याला त्याला वाटतं, एवढे कमावलेले खांदे झाकायचे कशाला?

तर मी एक आगाऊपणा केला आहे. टीव्हीवरच्या ‘नवरी निवडते’ या कार्यक्रमात अर्ज दिला आणि निवड झाली! मोठ्या दुकानात चित्रीकरण असतं, नवरी ड्रेस घालून बाहेर येते, घरची माणसं सोफ्यावर बसून मत देतात, आणि शेवटी तिला हवा तसा ड्रेस करून देतात. वीस फेब्रुवारीला चित्रीकरण आहे. माझ्या सोफ्यावर तू बसायचंस. येशील ना?

आणि शिवणाकडे सध्या बघूसुद्धा नकोस.

तुझी,
बेडकी

---

१५ जानेवारी

बेडके,

तुला आशीर्वाद, आणि ग्रंथपालांनाही. त्यांना सांग, एक कार्ड माझ्या नावाचं वर ठेवा, अक्षर कुठलंही असो.

डोळे झकास आहेत. परवा समोरच्या इमारतीवरचा कावळा दिसला आणि मी त्याच्याकडे इतका वेळ बघत बसले की तोच संकोचून उडाला. डॉक्टर म्हणाले, दोन फेब्रुवारीपासून सुई धरायला हरकत नाही. म्हणजे तिथून एप्रिलपर्यंत माझा हात तसा मोकळाच आहे. मोठी कामं मी यंदा कुणाची घेतलेली नाहीत. हे आपलं सहज कळवलं.

तुला बाह्या हव्यात यात मला काहीच नवल वाटलं नाही. आमच्या धंद्यात हेच तर चालतं. मुलगी आईच्या पाठीमागून डोळ्यांनी खुणावते की गळा खोल हवा, आई म्हणते बंद हवा. मी कापड दोनदा उलटंपालटं करते आणि ठणकावते, “बाई, या कापडात बंद गळा बसतच नाही, चुण्या पडतात.” कधी याच्या उलट असतं. पोरीला झाकून हवं असतं आणि आईला हौस. मग मी म्हणते, “पाठ मोकळी ठेवली तर शिवण उसवेल, मी जबाबदार नाही.” दोघी माझ्यावर चिडतात, पण बाहेर पडताना एकमेकींशी बोलत जातात. शिवणाऱ्या बाईवर खापर फोडलं की घरात शांतता राहते. चाळीस वर्षं मी हे केलं, त्याची शिलाई कधी लावली नाही.

सोफ्यावर येईन. टीव्हीत बसायला निळा पोशाख चालतो का, ते विचार.

एक गंमत झाली. काल एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. कार्यक्रमातून बोलतेय म्हणाली. “भाचीनं खांदे दाखवलेले तुम्हाला चालत नाहीत ना?” मी म्हटलं, “अगं, माझी भाची पोहायला शिकवते, खांदे घरी ठेवून जात नाही.” तर ती हसली आणि तिनं काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं, तिच्याकडे दुसऱ्याच कुणाचा कागद असावा.

तुझी,
आत्या

---

२६ जानेवारी

आत्या,

ते फोन सगळ्यांनाच करतात आणि सगळ्यांना असलंच काहीतरी विचारतात. तू मनावर घेऊ नकोस. निळा चालतो.

काल ते लोक तलावावर येऊन थोडं चित्रीकरण करून गेले. मला काठावर उभं केलं आणि म्हणाले, पाण्याकडे उदास होऊन बघा. मी म्हटलं, मी उदास नाही. दिग्दर्शक म्हणाले, बरं, मग विचार करा. मी विचारलं, कशाचा? ते म्हणाले, बंधनांचा. मागं माझी दहाच्या तुकडीतली पोरं पाण्यात धपाधप उड्या मारत होती आणि “बाई, बाई, मला बघा” म्हणून ओरडत होती. आठ वेळा तेच केलं. नवव्यांदा एका पोराला ठसका लागला आणि मी खरंच काळजीनं पाण्याकडे बघितलं, तेवढं त्यांना पसंत पडलं.

तू डॉक्टरांचं नको मनावर घेऊस. सुई धरायला परवानगी दिली म्हणून लगेच मशीनवर बसू नकोस. माझ्या ड्रेसचा तर विचारही डोक्यात आणू नकोस, तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणूनच मी टीव्हीवर चालले आहे.

बेडकी

---

१२ फेब्रुवारी

बेडके,

कार्यक्रमवाल्यांनी माझ्या सहीसाठी कागद पाठवले. त्यांत कुणाच्या तरी घाईनं तुझ्या अर्जाची प्रतही आली. मी नव्या डोळ्यांनी वाचली. ‘तुमच्या पसंतीला घरात कोणाचा विरोध आहे? आत्या. शिवणकाम करते. कडक स्वभाव. लहानपणापासून झाकून राहायला लावते.’ अक्षर तुझंच, तो ‘क’ मीच तुला गिरवायला शिकवला.

पहिल्यांदा मी मशीनवरचं झाकण काढलं आणि परत घातलं. मग पाणी प्याले. मग मला हसू आलं. अगं, मला विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं! परक्यांच्या पोरींसाठी मी आयुष्यभर खाष्ट झाले, तुझ्यासाठी नाही होणार?

तेव्हा तू घाबरू नकोस. मी सही करून कागद पाठवले आहेत. वीस तारखेला येते आणि अशी कडक होते की सोफासुद्धा सरळ बसेल. त्या गोड मुलीनं सांगितलंय की पहिला ड्रेस आला की मी उभं राहून “झाकून घाल” म्हणायचं. आरशासमोर म्हणून बघितलं. शेजारीण धावत आली.

आपली आधी भेट होणार नाही असं दिसतं. भेट कॅमेऱ्यासमोरच व्हावी म्हणून मला मागच्या दारानं नेणार आहेत म्हणे. म्हणून हे लिहिते. तू तुझं काम कर, मी माझं करते.

आत्या

---

१२ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडून लिहिते आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले.

अर्जात एक रकाना होता, घरात कोणाचा विरोध आहे म्हणून. मी लिहिलं, कोणाचाच नाही. तिथल्या बाईनं अर्ज परत दिला. म्हणाली, विरोध नसेल तर अर्धा तास दाखवायचं काय? मी म्हटलं, मला बाह्या आवडतात हे दाखवा. ती म्हणाली, असं कुणी स्वतःहून म्हणत नाही. माझ्यामागं अकराजणी रांगेत होत्या. मी लिहून टाकलं, आत्या.

तूच का सुचलीस माहीत आहे? कारण तू काही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. बाबा मला पोहायला पाठवायला तयार नव्हते, तेव्हा तू त्यांना सांगितलंस की डॉक्टरांनी दम्यासाठी पोहायला सांगितलंय. मला दमा नव्हता आणि तू कुठल्या डॉक्टरकडे गेलीही नव्हतीस. बाबा पुढं दोन वर्षं तुझ्यावर धुसफुसत होते की पोरीला पाण्यात ढकलली. ज्या बाईनं मला काठावरून पाण्यात जाऊ दिलं, तिलाच मी कागदावर माझी बेडी करून टाकलं. मला रात्रंदिवस त्याची शरम वाटते.

मी ठरवलंय. वीस तारखेला कॅमेऱ्यासमोर खरं काय ते सांगणार. ड्रेस गेला तर गेला. तू फक्त निळा पोशाख घालून ये आणि शांत बस. तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

बेडकी

---

२१ फेब्रुवारी

बेडके,

घरी परतले तर तुझं पत्र दाराच्या आत पडलेलं. टपालात आठवडाभर रखडून, मी निघाले त्याच दिवशी दुपारी आलं असणार. उभ्यानंच वाचलं आणि मग तिथंच पायरीवर बसून इतकी हसले की बॅग बाहेरच राहिली.

म्हणजे माझं पत्र तुला वेळेत मिळालंच नव्हतं, आणि खरं सांगायचं म्हणून तू “नाही, नाही” ओरडत होतीस!

माझं ऐक. तो पहिला बिनपाठीचा ड्रेस त्यांनी तुझ्या अंगावर चढवला, मागून कपड्यांना लावतात तसले सात चिमटे लावून. तू बाहेर आलीस. गोड मुलीनं मला खूण केली. मी उठले आणि गरजले, “झाकून घाल!” आणि तू म्हणालीस, “ती असं कधीच म्हणत नाही!” मला वाटलं, तू घाबरून तुझं बोलणं विसरलीस. तुला सांभाळून घ्यायला मी आणखी मोठ्यानं म्हटलं, “मी रोज म्हणते!” तू म्हणालीस, “मी खोटं लिहिलं होतं!” मी म्हटलं, “खोटं काही नाही, मी फार भयंकर बाई आहे!” ती निवेदिका बिचारी एकदा तुझ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. एका कॅमेरावाल्याचे खांदे हलताना मी पाहिले. दोघी एकमेकींना वाचवायला गेलो आणि दोघी मिळून तोंडावर आपटलो.

पण शेवटचा तो मोतिया ड्रेस घालून तू आलीस ना, तेव्हा मी माझं सोंग विसरले. बंद गळा, मनगटापर्यंत बाह्या. तू आरशात न बघता आधी दोन्ही हातांनी बाह्या चाचपल्यास आणि श्वास सोडलास. लहानपणी पोहून आल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून घ्यायचीस, तेव्हा असा श्वास सोडायचीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी खाली वाकून शिलाई बघितली. डाव्या बाहीला ओढ आहे, त्यांना उसवून परत लावायला सांग.

तुझ्यावर राग नाही. गाडी धरायची होती म्हणून नीट न भेटता निघाले. आता ते लोक काय दाखवतात ते बघू.

आत्या

---

१६ मार्च

आत्या,

परवा पाहिलंस ना?

मला काय लिहावं कळत नाही. माझं एकही वाक्य ठेवलं नाही त्यांनी. “खोटं लिहिलं होतं” नाही, “ती असं म्हणत नाही” नाही. तुझं “झाकून घाल” मात्र तीनदा, दर वेळी मागं ढोल वाजवून. “मी फार भयंकर बाई आहे” हे तर जाहिरातीच्या आधी आणि नंतर. तू शिलाई बघायला वाकलीस तेव्हा खाली पट्टी आली, ‘आत्यांना या ड्रेसमध्येही खोट दिसते’. आणि पाण्याकडे बघताना माझा तो काळजीचा चेहरा, ठसका लागलेल्या पोराचा, तो तुझ्या आवाजावर लावला.

तलावावर आज आया माझ्याकडे कणवेनं बघत होत्या. एकीनं माझा हात दाबला. मी तिला सगळं खरं सांगितलं, तर म्हणाली, “कळतं हो, घरच्यांची बाजू घ्यावीच लागते.” मी दुकानाला, कार्यक्रमाला, सगळ्यांना पत्रं लिहिली. कुणी दाद देत नाही.

तुझ्या गल्लीत काय झालं? गिऱ्हाइकं काही बोलतात का? मला सांग, लपवू नकोस.

अजून एक आहे, तेही लपवत नाही. ड्रेस तयार होऊन आला. बाहीची ओढ काढली आहे. तो माझ्या कपाटाला टांगलेला आहे आणि खरं सांगते, सुंदर आहे. पण तो माझा व्हायचा तर लग्नाचंही चित्रीकरण करू द्यायचं, अशी अट कागदात आहे. मी सही करताना ती वाचली नव्हती. लग्नात तू यायचंस, मला बघून रडायचंस आणि “मी चुकले” म्हणायचंस, असं त्यांना हवं आहे. म्हणजे गोष्ट पूर्ण होते म्हणे. दिग्दर्शक म्हणाले, यानं तुझं नाव उलट चांगलंच होईल.

तुला काय वाटतं? तू म्हणशील तसं.

बेडकी

---

२७ मार्च

बेडके,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा गिऱ्हाईक आलं. आता गिऱ्हाइकांचंच सांगते.

पहिले चार दिवस कुणी फिरकलं नाही. दुधाच्या दुकानातला माणूस मला बघून शर्टाचं वरचं बटण लावायचा. पाचव्या दिवसापासून आया येऊ लागल्या, लांबलांबून. पोरीला दंडाला धरून आणतात आणि म्हणतात, “तुम्हीच हिला सरळ करा.” माझ्यावर इतका विश्वास की पोरीला दुकानात सोडून बाजाराला निघून जातात. आई वळणावर दिसेनाशी झाली की पोर मला हळूच सांगते तिला काय हवंय. मी तसं शिवते. आई परत आली की मी कपाळाला आठ्या घालते आणि आई खूश होऊन जाते. धंदा जोरात आहे. तेव्हा माझ्या नावाची काळजी करू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं.

नाही.

मी येणार नाही कॅमेऱ्यासमोर आणि “मी चुकले” म्हणणार नाही. आयुष्यभर मी इतरांच्या वतीनं नाही म्हणत आले. कापडाच्या नावानं, शिवणीच्या नावानं, न पाहिलेल्या डॉक्टरच्या नावानं. हे ‘नाही’ माझं स्वतःचं आहे. मला हे करायचं नाही, याला दुसरं कारण नाही. लिहून झाल्यावर दोनदा वाचून बघितलं. सवय नाही ना.

कडक बाई मी तुझ्यासाठी झाले, तुला सांभाळायला. तेव्हा मला मजा आली. पण तुला पूर्ण बाह्यांत बघून मी जे रडले ते खरं होतं. तेच रडणं त्यांनी सांगितल्यावर, मोजून, परत रडायचं म्हणजे ते खरं रडणंही त्यांचंच होईल. ते मी देणार नाही.

तू ड्रेस ठेव. तुला तो शोभतो आणि तुला तो हवा आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. चित्रीकरण होऊ दे. मी त्या दिवशी इथं असेन. लग्न झालं की तुम्ही दोघं आठ दिवस इकडे या. मी रागावले आहे असं समजू नकोस.

डोळे फेब्रुवारीपासून उत्तम आहेत. तुला तसं कळवलंही होतं. असो.

आत्या

---

१ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र तलावाच्या पायरीवर बसून वाचलं. पोरं वाट बघत होती. शेवटच्या ओळीतला ‘असो’ वाचला आणि माझं डोकं एकदम लख्ख झालं.

घरी आले. ग्रंथपालांनी तुझी सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत, हे मला माहीतही नव्हतं. ओळीनं वाचली. पंधरा जानेवारी. ‘एप्रिलपर्यंत माझा हात तसा मोकळाच आहे. मोठी कामं मी यंदा कुणाची घेतलेली नाहीत.’ आत्या, तू माझ्या ड्रेसची वाट बघत होतीस! आणि मी त्यावर काय लिहिलं? ड्रेसचा विचारही डोक्यात आणू नकोस. मला वाटत होतं मी तुझे डोळे जपते आहे. तुला वाटलं असणार, पोरीला आता आत्याच्या हातचं नको.

मी ग्रंथपालांना विचारलं, तुम्हाला हे कळलं होतं का? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, “पत्रं तुझी होती.” लग्नानंतर या माणसाला बोलायला शिकवावं लागणार आहे.

काल आम्ही ड्रेस परत करून आलो. दिग्दर्शक फोनवर खूप बोलले. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, माझ्या लग्नात कॅमेरा नको आहे. कुणाचा विरोध आहे असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझा. दुकानात वरच्या खोलीत कपडे सुधारणारी एक बाई आहे, तोंडात टाचण्या धरून तिनं ड्रेस ताब्यात घेतला. टाचण्या काढून मला म्हणाली, “तुमच्या आत्या खरंच शिवतात ना? टीव्हीवर बघून मला तेवढं एक कळलं. त्यांना बाहीची ओढ दिसली, ती माझ्या मुकादमालाही दिसली नव्हती.” ड्रेस देताना हात जड झाला, खोटं नाही सांगत. जिना उतरल्यावर मात्र मोकळं वाटलं.

आता जे जानेवारीत विचारायला हवं होतं, ते विचारते. आत्या, माझ्या लग्नाचा ड्रेस तू शिवशील का?

सतरा दिवस राहिलेत. वेळ नसेल, मन नसेल, तर नाही म्हण, तुझं स्वतःचं. मी शिक्षकांचा पांढरा ट्रॅकसूट घालून सही करीन, त्यालाही पूर्ण बाह्या आहेत. पण तू लग्नाला ये. तुझ्याशिवाय मला ते लग्न वाटणार नाही.

तुझी,
बेडकी

---

४ एप्रिल

बेडके,

ट्रॅकसूट म्हणे! पाठीवर तलावाचं नाव घेऊन सही करणार होतीस का?

तुझं पत्र मी गिऱ्हाइकांसमोरच उघडलं आणि त्यांच्यासमोरच रडले. एक आई घाबरून म्हणाली, “बाई, तुम्हीसुद्धा?” मी तिला सांगितलं, माझ्या भाचीनं मला ड्रेस शिवायला सांगितलाय. तिला त्यात रडण्यासारखं काय ते समजलं नाही. मी समजावत बसले नाही. तिच्या पोरीचं माप घेतलं आणि मग दारावर ‘पंधरा दिवस बंद’ अशी पाटी लावली.

आता खरं लिहिते, कारण तूही लिहिलंस. मला राग आला होता. तू मला कडक लिहिलंस त्याचा नाही, टीव्हीचा तर मुळीच नाही. बाप बोटीवर म्हणून माझ्या घरात वाढलेली एकुलती एक पोर, आणि तिला लग्नाच्या ड्रेससाठी चार दुकानं आठवली, एक टीव्ही आठवला, आणि मी आठवले ती त्या रकान्यात. जानेवारीभर मी टपालवाल्याची वाट पाहिली. आपणहून विचारायचा मला अभिमान आडवा आला, ही माझी चूक. दुसऱ्यांच्या मनातलं बोलता बोलता स्वतःच्या मनातलं बोलायची जीभच राहिली नव्हती. तुझ्या लग्नाचा ड्रेस मलाच शिवायचा होता, गं. अगदी पहिल्यापासून.

तेव्हा रविवारी सकाळच्या गाडीनं ये. खडे, मणी, झालर मला जमायचं नाही, डोळे नवे असले तरी दिवस थोडे आहेत. कापड साधं, शिवण सरळ, आतून मऊ अस्तर. तुझी जुनी मापं माझ्याकडे आहेत, पण नऊ वर्षं पाणी कापून खांदे वाढले असतील, ते नव्यानं घेऊ. पोटभर खाऊन ये. उपाशीपोटी दिलेलं माप नेमकं लग्नाच्या जेवणात दगा देतं. ग्रंथपालांना आणलंस तर काजं मोजायला बसवीन.

आणि एक. गळा कुठवर, बाही कुठवर, घेर किती, हे या वेळी तू सांगायचंस. आई नाही, कॅमेरा नाही, आत्याही नाही. मी मधे बोलणार नाही. बोलले तर दटाव.

रविवारला अजून पाच दिवस आहेत, आणि मी आत्तापासूनच टेप गळ्यात घालून बसले आहे.

आत्या